अण्णाचे बूट

अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, विषमज्वराने गेला. आम्हा ख्रिस्ती लोकांत माणसाला बुटांसकट पुरतात. आईने त्याला नवा कोट घातला, पण पळायचे कॅनव्हासचे बूट काढून ठेवले. "धाकट्याला होतील," ती म्हणाली. मी सतरा वर्षांचा होतो. गप्प बसलो, कारण ते बूट मला हवेच होते.

त्याच वर्षी माझ्या छातीत पाणी झालं. सहा महिने खाटेवर काढले. मिशनच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "दुखणं गेलं. पण फुफ्फुसाला कामाला लावलं नाहीस, तर असाच धापा टाकत जगशील. आधी चाल, मग धाव." आईने बूट पुढे केले. पप्पा उठून बाहेर गेले. धीराने धावण्याचा बायबलातला शास्त्रपाठ हेच गृहस्थ चर्चमध्ये मंडळीसमोर घसा फोडून वाचायचे! मला त्यांचा भयंकर राग आला.

आमची जयनगर वसाहत तेव्हा नुसती आखलेली होती. दगड रोवलेले रस्ते, घरं विरळ, दिवे नाहीत. पहाटे धुक्यात निघायचो. दुसऱ्याच आठवड्यात मागून पावलं ऐकू आली. उघड्या पायांची. मी थांबलो की थांबायची, निघालो की निघायची. वळून पाहिलं तर धुकं. पुढे थंडीबरोबर धुकं सरलं, तरी मागे नुसता काळोख. अण्णा अनवाणी गेला होता. बूट मागायला दुसरं कोण येणार?

सांगायचं कुणाला? प्रभूच्या नावाने भुतं पळतात असं आमच्याकडे लहान पोरंही म्हणतात. मी प्रार्थना करत धावायचो, खरं तर भीतीनेच धावायचो. आधी पाण्याच्या टाकीपर्यंत, मग तळ्यापर्यंत दम पुरू लागला. पण रात्रीची झोप उडाली. शेवटी ठरवलं, ईस्टरला बूट परत करायचे आणि पळणं सोडायचं. छाती बरी नाही झाली तर नाही.

ईस्टरच्या पहाटे मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरींवर जमते. त्यांच्या आधी पोचावं म्हणून मी तीन मैल धावत गेलो. पावलं दफनभूमीच्या फाटकापर्यंत आली. पायांतले बूट काढून अण्णाच्या कबरीवर ठेवले. त्या दिवशी एकमेकांना म्हणतो तेवढंच तोंडातून निघालं, "प्रभू उठला आहे!"

"खरोखर उठला आहे," अंधारातून ठरलेलं उत्तर आलं.

मी फाटकाजवळ गेलो.

फाटकाला धरून पप्पा उभे होते. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, अंगठ्यातून रक्त, छाती भात्यासारखी चाललेली.

"रोज तुम्हीच?"

"एक गेला माझा. तू कुठं पडलास तर?" ते म्हणाले. "चपला वाजल्या असत्या, तर चिडून घरी बसला असतास. स्वभाव ठाऊक आहे तुझा."

मी हमसून रडलो. त्यांनी कबरीवरचे बूट उचलून माझ्या हातात दिले. "घाल. त्याची धाव झाली. तुझी राहिलीय."

उपासना संपली, उजाडलं, आम्ही घराकडे निघालो. अर्ध्या वाटेत पप्पा दगडावर बसले. "स्वल्प थांब," इथल्या कानडी ढंगात म्हणाले, म्हणजे थोडं थांब. दम त्यांचा संपला होता, माझा नाही. मी बूट काढले, त्यांच्या पायांत घालून नाड्या बांधल्या आणि उरलेली वाट अनवाणी त्यांच्या मागून चाललो.