समुद्रातला माणूस आणि लहान टाकी

मुरुम गावच्या माझ्या विहिरीवर मुंबईच्या एका पाणबुड्यानं मला फसवलं. विहिरीत पडलेला पंप काढायचा होता. पाणी सात पुरुष खोल आहे, असं मी पत्रात कळवलं होतं, तरी गडी हवेची लहान टाकी घेऊन आला. तिच्यावर टिचक्या मारत, मिशीत हसत म्हणाला, "शेठ, मी समुद्रात उतरणारा माणूस. तुमच्या डबक्याला एवढी पुष्कळ."

पंपाला दोर बांधण्याआधीच हवा संपली आणि तो धापा टाकत वर आला.

"मोठी टाकी कुठंय?" मी ओरडलो.

"जड होती. मोटारीच्या टपावर कोण चढवणार?"

पंप अजून तळाला आहे, पानमळा वाळतोय. ओझं झेपत नव्हतं, तर होकार कशाला दिला? विहिरीच्या काठावर येऊन त्यानं याचा जवाब द्यावा.