बारा वितींवरचा एल्बो

वीतवाले मास्तरांच्या सात वह्या आहेत. चौथी कधीतरी भिजून वाळलेली, त्यामुळे तिची पाने उलटताना कुरकुरतात. प्रत्येक पानावर एक भिंत आणि तिच्या पोटातले पाइप. मात्र एकाही पानावर फूट किंवा इंच नाही. सगळी मापे वितींत.

कारण साधे आहे. प्रशिक्षण शाळेची ही इमारत उभी राहिली तेव्हा मास्तर तेवीस वर्षांचे होते आणि तिथेच प्लंबर म्हणून लागले होते. टेप एकच, ती मुकादमाच्या कमरेला. मागायची तर आधी त्याची बोलणी खावी लागत. "हात कुणाकडे मागावा लागत नाही," असे मास्तर म्हणतात. गिलावा होण्याआधी ते दाराच्या चौकटीपासून भिंतीवर विती टाकत जात आणि जेवणाच्या सुट्टीत मापे वहीत उतरवत. पुढे त्याच शाळेत ते प्लंबिंग शिकवू लागले आणि विद्यार्थ्यांनी त्यांना 'वीतवाले' हे नाव दिले. साठीत बोटांचे सांधे धरले, तरी सवय सुटली नाही.

त्यांची मुलगी त्याच शाळेत संगणक शिकवते. भिंतीतला पाइप कुठे आणि कसा वळतो हे फळ्यावर काढून कुणाला नीट कळत नाही, ही वडिलांची तक्रार ती लहानपणापासून ऐकत आली होती. तिने दोन वर्षे खपून सातही वह्या संगणकात भरल्या आणि ऑगमेंटेड रिॲलिटीचा धडा तयार केला. टॅबलेट भिंतीसमोर धरला की पडद्यावर खरी भिंत दिसते आणि तिच्यावर आतले पाइप निळ्या रेषांनी उमटतात. मास्तरांनी तो प्रथम हातात घेतला आणि वही उघडून एकेक रेषा ताडून पाहिली. मग म्हणाले, "अगं, हा तर मीच आहे. तेविसाव्या वर्षातला!"

प्लंबिंगच्या वर्गाच्या भिंतीत, दारापासून एका वितीवर, तपासणीचे झाकण आहे. ते उघडून पाहिले तर निळी रेषा खऱ्या पाइपला जवळजवळ चिकटलेली. पाऊण इंचाचा फरक होता. टॅबलेट धरणाऱ्याचा हात हलला असेल, असे समजून तो कुणी मनावर घेतला नाही.

प्राचार्यांचे मात्र तेवढ्याने समाधान होईना. "बारा वितींवर एल्बो आहे म्हणता ना? दाखवा. वीतभर गिलावा फोडायचा, तोही एकदाच. गेल्या महिन्यात रंग दिलाय. एल्बो सापडला तर धडा अभ्यासक्रमात, नाही सापडला तर टॅबलेट परत." एल्बो म्हणजे पाइपचा काटकोनी सांधा. मुलीची दोन वर्षे त्या सांध्यावर येऊन ठेपली.

एल्बो दाखवायच्या त्या सकाळची हकिकत मास्तर, मुलगी आणि टेलरताई यांनी वेगवेगळी सांगितली. तिघांची जुळते तेवढीच इथे घेतली आहे. टेलरताई म्हणजे वीस वर्षे कपडे शिवून मग प्लंबिंगच्या वर्गात दाखल झालेल्या विद्यार्थिनी.

मुलीने टॅबलेटवर पाहून भिंतीवर खडूने फुली मारली. मास्तर छिन्नी घेऊन चौकटीपाशी गेले आणि सवयीने विती टाकत निघाले. बारावी वीत फुलीच्या चांगली सव्वा फूट अलीकडेच संपली.

"तुझा पाइप सरकलाय," मास्तर म्हणाले.

"बाबा, पाइप सरकत नसतो. तुम्ही मोजायला चुकलात."

"मी? बारापर्यंत मोजायला?"

वर्गात खसखस पिकली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिले. "बापलेकींनी हे घरी ठरवून यायचं होतं."

तेवढ्यात टेलरताईंनी विचारले, "मॅडम, एक वीत किती इंचांची धरलीत?"

"नऊ. सगळीकडे नऊच देतात."

"सगळीकडे देतील हो! पण सरांचा हात सगळीकडचा आहे का? अशी मापं घेऊन मी सदरे शिवले असते, तर गिऱ्हाइकांनी मलाच उसवलं असतं."

त्यांनी पिशवीतून टेप काढली आणि मास्तरांचा पंजा फळ्यावर पसरवला. पावणेआठ इंच. मुलगी घाईने आकडा बदलू लागली, तोच मास्तरांनी हात मागे घेतला.

"थांब, थांब. हा आजचा हात. ही बोटं आता उघडतात कुठे पूर्वीसारखी? वही त्या वेळच्या हाताने लिहिलीय."

आता सदतीस वर्षांपूर्वीचा पंजा मोजायचा कसा? मुलगी वहीवर वाकली. एल्बोच्या खालचीच ओळ होती: 'सोळा विती, कोपऱ्यातला नळ.'

"बाबा, हा नळ कुठे गेला?"

"कपाटामागे!" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "मीच त्याला टोपण घातलंय!"

अवजारांचे ते लोखंडी कपाट गच्च भरलेले होते. सारा वर्ग त्याला भिडला. "अरे, फरशी, फरशी!" म्हणता म्हणता प्राचार्यांनीही बाह्या सारल्या आणि खांदा लावला. नळ निघाला, टोपणासकट. वर्गातली लांब टेप चौकटीपासून नळापर्यंत ताणली: एकशे बत्तीस इंच. भागिले सोळा.

"सव्वाआठ!" चार-पाच जण एकदम ओरडले.

मुलीने एकच आकडा बदलला. हातांत धरलेल्या सगळ्या टॅबलेटवर निळे जाळे सर्रकन दाराकडे ओढले गेले आणि वर्गातून "ओ हो हो!" उठले. नवी फुली जुन्या फुलीच्या नऊ इंच अलीकडे पडली, आणि मास्तरांची बारावी वीत संपली होती तिथून सहा इंच पुढे. बापलेकी दोघेही चुकले होते.

मास्तरांनी पाणी बंद केले आणि छिन्नी मुलीपुढे धरली. "मार. धडा तुझा."

"वही तुमची."

"वहीला हातोडी मारता येत नाही. मार!"

पहिल्या घावाला रंग उडाला, दुसऱ्याला गिलावा. तिसऱ्याला ठण्ण झाले. तिने बोटांनी माती खरवडली, तर एल्बो मधोमध, त्याच्या आट्यांवर मास्तरांनी गुंडाळलेला दोरा अजून शाबूत. मास्तर त्यावर बोट फिरवत इतके हसत होते, की वर्गाने टाळ्या वाजवल्या त्या त्यांच्या कानावर आल्याच नाहीत.

प्राचार्य फुटलेल्या रंगाकडे बघत उभे होते. मग बाह्या खाली घेत म्हणाले, "जिन्याची भिंत कधी घेता?"

धडा अभ्यासक्रमात आहे. त्याची सुरुवात आता टॅबलेटने होत नाही. आधी प्रत्येकाने आपली वीत मोजायची, मग भिंतीसमोर जायचे. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर नव्या शाईत एक ओळ वाढली आहे: 'माझी वीत तेव्हा सव्वाआठ, आज पावणेआठ.' तिच्याखाली मुलीच्या अक्षरात: 'माझी साडेसात. तारीख घातली आहे.'