हसवणारं पुस्तक मागितलं तेव्हा

पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा चिकटवायला डिंकाची बाटली उघडली, की मला फुलपाड्यातलं ते लहानसं वाचनालय आठवतं. तिथे डिंकाचा वास कायम असायचा, त्यात बाहेरच्या गाडीवरच्या भज्यांचा वास मिसळायचा. मी अकरा वर्षांची होते. वालीवच्या कारखान्यात कामाला जाणारे माझे बाबा त्या उन्हाळ्यात आजारपणात गेले होते, आणि घरात माझ्यासमोर त्यांचा विषय कोणीच काढत नव्हतं. एका संध्याकाळी आत्या मला वाचनालयात घेऊन गेली. “हिला काहीतरी हसवणारं द्या,” ती ग्रंथपाल काकांना म्हणाली. त्यांनी विनोदी गोष्टींची पुस्तकं काढून ठेवली, पण मी होडीचं चित्र असलेलं एक उचललं. काका माझ्याकडे वळले. “यातल्या मुलीचे वडील वारतात, बाळा. चालेल तुला?” आत्याने ते काढून घ्यायला हात पुढे केला. “ताई, तिचं तिला ठरवू दे,” काका म्हणाले. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कोणीतरी सरळ विचारलं होतं. मी हो म्हणाले. घरी येऊन गॅलरीत बसून ते पुस्तक संपवलं आणि पोटभर रडले. आत्या शेजारी येऊन बसली. “काय झालं गं पुढे त्या मुलीचं?” तिने हळूच विचारलं. सांगता सांगता मी बाबांबद्दल कधी बोलायला लागले ते कळलंच नाही, आणि मग आत्याही तिच्या भावाच्या लहानपणच्या खोड्या सांगू लागली. आता माझी मुलगी अकराची आहे. तिच्यासाठी पुस्तकं सुचवा म्हटलं की सगळे हसरी पुस्तकं सुचवतात. मी ती आणते, पण सोबत एखादं रडवणारंही आणते, आणि त्यात काय आहे ते तिला आधीच सांगते. हे मी त्या ग्रंथपाल काकांकडून शिकले.