मामांच्या पेल्यातला काढा

एका भल्या माणसाला मी चारचौघांत खोटं पाडलं, आणि त्यासाठी स्वतः खोटं बोललो. हे आजवर एका माणसाखेरीज कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तिला एवढंच आठवतं, की त्या थंडीत मी दोन दिवस ताट तसंच ठेवून उठलो होतो.

पण आधी माझी खोड सांगायला हवी. मला प्रत्येक गोष्ट पारखून बघायची सवय. चिंचवडच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. मशीनवरून उतरलेला जॉब मापात आहे की नाही ते बघायचं, पास किंवा रिजेक्ट लिहायचं. दिवसभर हेच केलं की माणूस घरीही तसाच होतो. सर्दीला मिठाच्या गुळण्या बऱ्या की वाफारा? कानाला मफलर बांधणाऱ्याला पडसं खरंच कमी होतं का? असले प्रश्न मला पडायचे. अजून पडतात.

आमच्याकडे शंकरमामा होते, भट्टीवर कामाला. कुरुळीहून सायकलने यायचे. थंडी पडली की हँडलला किटली लटकलेली असायची. गवती चहा, तुळस, आलं, मिरी, गूळ घालून घरी उकळलेला काढा. तो भट्टीच्या कडेला उबेला ठेवायचे आणि चहाच्या सुट्टीत ज्याला हवा त्याला द्यायचे. ज्याने त्याने आपला ग्लास आणायचा.

"घ्या की साहेब, इख न्हाई त्यात."

"मी नाही घेत मामा. बघू या ना, आधी कोण शिंकतो ते."

"बघा, बघा. आमी हाय हितंच."

मी खरंच बघायला लागलो. एका कागदावर दोन रकाने आखले — काढा पिणारे आणि न पिणारे. कोण खोकला, कुणी रजा टाकली, रोज टिपायचो. मामांना वाचता येत नसे. तरी रोज टेबलापाशी येऊन विचारायचे, "आज काय म्हणतोय कागद?" त्यांना माझ्याइतकीच उत्सुकता होती. माझ्याहून जास्तच — काढा त्यांचा होता ना.

मग साथ आली. आणि एका सकाळी मी उठलो तो अंगात ताप, घशात काटे. रजा शिल्लक होती. घरी पडून राहायचं, गरम पाणी प्यायचं, चार माणसांपासून लांब राहायचं — हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण माझं नाव दुसऱ्या रकान्यात होतं. दोन गोळ्या घेतल्या आणि कामावर गेलो.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. मला घोटभर पाणी गिळवेना. मी भट्टीकडे गेलो. किटलीत तळाला काढा होता, शेजारी मामांचा पितळी पेला. मी त्यातच ओतला, प्यायलो. पुन्हा ओतला. आणि पेला — तो विसळलासुद्धा नाही. बादलीपाशी कुणी बघेल, ही भीती. तसाच जागेवर ठेवला आणि टेबलाशी येऊन कागदावर माझ्या नावापुढे लिहिलं, 'ठीक'.

तीन दिवसांनी मामा तापाने पडले. छाती भरली. पंधरवड्यानंतर आले ते एसटीने. सायकल मारताना धाप लागत होती.

"काय मामा, तुमचा काढा तुम्हालाच पावला नाही राव!" भट्टीवरचा एकजण म्हणाला.

"आणि आपले साहेब बघा, थेंब घेतला नाही, गडी ठणठणीत!"

सगळे हसले. मामाही हसायला गेले, पण त्यांना खोकला आला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी बोलायचं होतं. मी काय बोललो? "मी नाही, मामा, कागद बोलतोय."

पुढच्या थंडीत किटली आली नाही. मी विचारलं.

"सोडलं त्ये. नातवंडांनाबी देत न्हाई आता. तुमी पारखून बघितलं नव्हं का?"

टोमणा नव्हता हो तो. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

त्यांना ताप माझ्यामुळेच आला का? ठाऊक नाही. तेव्हा निम्मा कारखाना खोकत होता. एका डॉक्टरला आडून विचारलं, तर म्हणाले, असू शकेल, नसूही शकेल. हा प्रश्न मी कितीतरी वर्षं मनात घोळवत राहिलो — कदाचित मुद्दामच. कारण 'ठीक' कुणी लिहिलं, याबद्दल काही प्रश्नच नव्हता.

गेल्या थंडीत कुरुळीला गेलो. मामा आता निवृत्त, अंगणात उन्हाला बसून लसूण सोलत होते. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ताप, पेला, कागद. त्यांचे हात थांबले. मग पुढे वाकून म्हणाले, "मग? पडला का उतार घशाला?"

"पडला, मामा. पेला संपायच्या आत घास गिळता येईल असं वाटलं. तेही मी कुणाला कळू दिलं नाही. आजारी मी होतो, तुमचा पेला मी उष्टा केला, आणि सगळ्यांपुढे तुम्हाला खोटं पाडलं. माझं चुकलं."