एका राज्याचे जोडे

वॉशिंग्टनात काँग्रेसच्या सदस्यांना खाऊ घालता घालता ऑर्कटबाईंचे केस पिकले. मी काँग्रेसच्या सभागृहात कारकून; अकरा वर्षं त्यांच्या खानावळीत जेवलो. सूप पाणचट झालं की मी तोंडावर सांगायचो. त्या म्हणायच्या, "फेल्प्स, पेशा कारकुनाचा आणि रुबाब सेनापतीचा." पण दुसऱ्या दिवशी सूप दाट असायचं.

पार्डन लाइल तिथेच उतरायचे. पश्चिमेकडच्या एका नव्या राज्याचे ते प्रतिनिधी. त्या राज्याला सभागृहात तेवढा एकच माणूस होता. अधिवेशन संपलं की ते आणि विधवा ऑर्कटबाई लग्न करणार, हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही चेष्टा केली की बाई मुकाट्याने भाकरीचा तुकडा त्यांच्याच ताटात आधी वाढायच्या.

१८२५च्या हिवाळ्यात अध्यक्ष ठरेना. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची मतं चौघा उमेदवारांत वाटली गेली, निम्म्याहून जास्त कुणालाच मिळाली नाहीत. मग पहिल्या तिघांतून एकाची निवड सभागृहाकडे आली. तिथे माणसं मोजत नाहीत, राज्यं मोजतात. राज्य केवढंही असो, मत एकच. चोवीस राज्यांपैकी तेरा हवीत. न्यूयॉर्कचे चौतीस जण आपसात भांडून एक मत देणार आणि आमचे लाइल एकटेच एक मत देणार, याची मला फार गंमत वाटायची.

नेमका त्याच आठवड्यात लाइलना छातीचा ताप चढला. वैद्याने अंथरुणातून उठायला मनाई केली. मतदानाच्या सकाळी बर्फ पडत होता आणि त्यांचे जोडे सापडेनात.

"बाई, जोडे कुठे आहेत?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"मला काय ठाऊक? मी जोडे शिजवत नाही."

"ते नाही गेले तर त्यांचं अख्खं राज्य गैरहजर राहील."

"राहू दे. मागे १८०१ साली अशाच निवडीला मतदानाच्या छत्तीस फेऱ्या झाल्या होत्या, तुम्हीच सांगितलंत. बरे झाले की जातील."

"एकदा बसले की निवड होईपर्यंत उठत नाहीत. एकेका फेरीत एकेक राज्य लागेल. सभागृहाच्या बाजूच्या खोलीत शेकोटीपाशी त्यांचं अंथरूण घालू. तो माणूस इथे पडून झुरेल, ते बघवेल तुम्हाला?"

बाईंनी पिठाच्या पिंपातून जोडे काढून ॲप्रनने पुसले. चार दिवसांची मक्याची भाकरी, खारवलेलं मांस आणि पायाशी ठेवायला तापवलेली वीट त्यांनी गाडीत दिली. लाइल हसून म्हणाले, "एवढ्या शिदोरीत मीच अध्यक्ष होऊन येईन."

सभागृहात प्रत्येक राज्याला आपापली मतपेटी दिली होती. मोठी राज्यं घोळका करून कुजबुजत होती. लाइलनी आपल्या पेटीत चिठ्ठी टाकली, मग स्वतःच पेटी उघडली, तीच चिठ्ठी बाहेर काढली आणि तिच्यावरचं नाव दोन कागदांवर लिहिलं. नियमच तसा होता. ते कागद मी मतं मोजणाऱ्यांकडे नेऊन दिले.

पहिल्याच फेरीत एकाला बरोबर तेरा राज्यं मिळाली. लाइलनी ज्याचं नाव लिहिलं होतं त्याला सात. दुपारी आम्ही घरी परतलो. शिदोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

चौथ्या दिवशी लाइल गेले.

वसंतात बाई एकदा टेबल पुसता पुसता थांबल्या. "फेल्प्स, खरं सांगा. ते अंथरुणातच राहिले असते तर काय बदललं असतं?"

खोटं बोलता यावं म्हणून मी काहीही दिलं असतं. पण आकडे साऱ्या गावाला पाठ होते.

"त्यांच्या उमेदवाराला सातऐवजी सहा राज्यं मिळाली असती," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

त्यांनी मान हलवली आणि टेबल पुसून संपवलं. मला एका शब्दाने दोष दिला नाही, पुढे कधीच नाही. त्या रात्री सूप अगदी पाणी होतं. मी दोनदा मागून घेतलं आणि छान झालंय म्हणालो. जोडे मीच मागितले होते.