तिहेरी बंधाकडून मोजा

आमची वहिनी पुढच्या खोलीत रसायनाची शिकवणी घेते, आणि तिथे ती नाकावर माशी बसू देत नाही. अल्काइनांची, म्हणजे तिहेरी बंधाच्या संयुगांची, नावं ती फळ्यावर कमी आणि पोरांना उभं करूनच जास्त शिकवते. पाच-सहा जणांनी हात धरून ओळ केली, की झाली कार्बनची साखळी. ज्या दोघांमध्ये तिहेरी बंध, त्यांनी हाताबरोबर दोन रिबिनीही धरायच्या. मग बंध ज्या टोकाला जवळ, तिथून मोजायला सुरुवात. स्वयंपाकघरात ऐकून ऐकून मलाही ते पाठ झालंय.

प्रवेश परीक्षेच्या तोंडावर तिनं पाचांची साखळी उभी केली. एका टोकाला दुहेरी बंध, दुसऱ्या टोकाला तिहेरी.

"तिहेरी मोठा. त्याच्याकडूनच मोजा," ती म्हणाली.

साखळीत एक बुटकी मुलगी होती, तिला सगळे चिमणी म्हणतात. ती म्हणाली, "पण बाई, कुठूनही मोजलं तरी एक आणि चारच येतात. अशा वेळी लहान आकडा दुहेरीला देतात ना?"

"आता तू मला शिकव!" वहिनी म्हणाली. पोरं खो खो हसली. चिमणीनं तिहेरीकडून मोजायला सुरुवात केली.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. संध्याकाळी वहिनी प्रश्नपत्रिका पुस्तकाशी ताडून बघत होती, आणि बघता बघता तिचा चेहरा पडला. चिमणीचं बरोबर होतं.

"एका प्रश्नानं काय आभाळ कोसळतंय?" दादा म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं. चिमणीला ज्या कॉलेजात जायचं होतं, तिथे एका प्रश्नावर जागा हुकते, हे त्यालाही ठाऊक होतं. वहिनीनं ताट बाजूला सारलं. "माझं चुकलं ते चुकलंच गं, पण मी सगळ्यांना तिला हसू दिलं," एवढंच ती म्हणत राहिली.

"ती हट्टी आहे, तिनं आपलंच लिहिलं असेल," मी म्हटलं. तेवढ्याच आशेवर वहिनीनं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. हसं सगळ्यांसमोर झालं, तर माफीही सगळ्यांसमोरच, असं तिनं ठरवलं होतं. तिनं हात जोडून माफी मागितली. पोरं कुरकुरली, एक तर तरातरा निघून गेला.

"चिमणे, तू तरी बरोबर लिहिलंस ना?"

"आधी लिहिलं होतं, बाई," चिमणी म्हणाली. "मग तुम्ही आठवलात. म्हटलं, बाई इतक्या ठाम सांगत होत्या, म्हणजे माझंच चुकत असणार. बदललं."

वहिनी मटकन खालीच बसली. चिमणी तिच्यासाठी पाणी घ्यायला आत आली. पेला भरता भरता तिनं मला हळूच विचारलं, "मावशी, मी खोटं सांगायला हवं होतं का?"