चाळीस सह्या

शाळेतल्या मास्तरांनी अंदाजानं जन्मतारीख एक जून लिहिली, म्हणून मी एकतीस मेला रिटायर झालो. हार, शाल, नारळ, भाषणं, सगळं दुपारी चारला होतं. त्याआधी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चाळीस दाखले माझ्या पुढ्यात सरकवले. शिकाऊ पोलिसांच्या शेवटच्या तुकडीचं दंगाकाबूचं प्रशिक्षण पूर्ण झालं, असं वर छापलेलं. खाली शिकवणाऱ्या उस्तादाची सही, म्हणजे माझी; ती झाली की पोरांची नेमणूक.

पूर्ण? डोंबलाचं पूर्ण! ज्या तीन आठवड्यांत मी या पोरापोरींना ढाल धरायला शिकवायचं, त्याच तीन आठवड्यांत त्यांना कधी माहूरला गर्दी आवरायला धाडलं, कधी मंत्र्याच्या दौऱ्याला लातूरच्या रस्त्यावर उन्हात उभं केलं. माझ्या वाट्याला आला दीड दिवस.

दंगाकाबू मी तोंडानं शिकवत नसतो. ओल्या मातीचे गोळे करायचे आणि ढालीमागच्या पोरांवर दणादण फेकायचे. घाम डोळ्यांत गेला, जीव घुसमटला की पोरगं हेल्मेटची काच वर करतं. केली की बसलाच गोळा तोंडावर. पाच-सहा दिवस माती खाल्ली की हात काचेकडं जायचा बंद होतो. याला दुसरा इलाज न्हाई.

हे ठाऊक असून मी एकदा सही केली होती. तेव्हाही तुकडी बंदोबस्ताला, तेव्हाही वरून घाई. त्यातल्या कंधारच्या एका पोरानं पहिल्याच दगडफेकीत घाम पुसायला काच वर केली. डावा डोळा गेला त्याचा.

म्हणून साहेबांना म्हटलं, सही करत न्हाई. तुकडीला तीन आठवडे द्या, नवा उस्ताद शिकवील, मग तो करील. साहेब हसले. शेवटच्या दिवशी कशाला डोक्याला ताप करून घेता, म्हणाले. मला ते हसणंच झोंबलं.

बाहेर आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. इस्लापूरकडची एक पोरगी, तुकडीतली सगळ्यांत काटक, पुढं आली. ‘‘उस्ताद, तुमचं तर झालं,’’ म्हणाली. ‘‘आमचं कामून अडवून राहिलात?’’

माझं डोकं सटकलं. निरोपाला तो कंधारचा पोरगाही आला होता. आता नांदेडला टेबलावर काम करतो. त्याला दंडाला धरून तुकडीसमोर उभं केलं. म्हटलं, सांग यांना, माझ्या सहीनं तुझं काय झालं. तो खाली वाकून माझ्या पाया पडला.

‘‘तुमच्या सहीनंच तर नोकरी हाय, उस्ताद. यांचीबी करून टाका.’’

एवढा राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता. शिवी ओठांवर आली, पण देणार कुणाला? तो तर मनापासून आभार मानून राहिला होता.

सही मी केली न्हाई. त्यानं कुणाचं काही अडलंही न्हाई. गठ्ठा माझ्या जागी येणाऱ्या उस्तादाकडं गेला. लई गुणी माणूस, पंधरा वर्षं माझ्याच हाताखाली तयार झालेला. इकडं माझ्या गळ्यात हार पडत होता आणि तिकडं तो मागच्या खुर्चीत, मांडीवर गठ्ठा घेऊन, न वाचता सह्या ठोकत होता. मी उठून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. लाज वाटत न्हाई का, म्हणून विचारलं.

तो अदबीनं उभा राहिला.

‘‘त्या टायमाला तुम्ही केल्या होत्या, उस्ताद,’’ हळूच म्हणाला. ‘‘पानं मीच उलटून देत होतो.’’